आमच्या बँडची पहिली कॅसेट

आबांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले, तेव्हा घरात सगळ्यांना त्यांच्या जेवणाची काळजी पडली. मला ट्रम्पेटची पडली. माझे वडील, आबा, साक्रीकडच्या आमच्या गावात लग्नाचा बँड चालवायचे आणि स्वतः पुढे राहून ट्रम्पेट वाजवायचे. ट्रम्पेटला जितका दम लागतो तितकाच दातांचा आधार लागतो. ओठ मागून दातांवर टेकले नाहीत तर वरचे सूर निघतच नाहीत. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही दात काढून टाकायला सांगितलं. आबा त्यांना म्हणाले, आधी कॅसेट, मग दात.

कॅसेटचा हट्ट माझा. तेव्हा साक्रीच्या बाजारात दुकानादुकानांवर टेप कोकलत असायचे, आणि जे तिथे वाजे तेच लग्नात आमच्या बँडकडे मागितलं जाई. ती गाणी दुसऱ्यांची. आबांची स्वतःची एक चाल होती. तीन ट्रम्पेट एकदम, तोडून तोडून; मग सगळे गप्प आणि ढोल एकटा; त्या मोकळ्या जागेत नाचणाऱ्याचा पाय आपोआप पडायचा. ती सुरू झाली की रुसून बसलेला मामासुद्धा कमरेला उपरणं बांधून उतरायचा. दात गेले की चालही जाणार होती, आणि मला ते मुळीच मान्य नव्हतं. मी कॉलेजात होते, लग्नाची झाले होते, म्हणजे घरात माझं कोणी ऐकावं अशी काही परिस्थिती नव्हती. मग मी आबांच्या कानाशी रोज भुणभुण लावली. कंटाळून का होईना, ते तयार झाले.

जळगावात मेहरूणकडे एक गृहस्थ घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचे आणि कॅसेटी काढून विकायचेही. सगळे त्यांना भाऊ म्हणत. आम्ही वाद्यांसकट एसटीने त्यांच्याकडे पोचलो. मी कशाला आले असं कोणी विचारलं नाही. माझा चेहरा बघून हिंमत झाली नसावी. खोलीच्या भिंतींना गाद्या टांगल्या होत्या. भाऊंचं म्हणणं पडलं की सिनेमाची गाणी वाजवा, नाहीतर एखादा गाणारा तरी घ्या, नुसता बाजा कोण विकत घेणार.

"गानारा नको, भाऊ," आबा म्हणाले. "आम्हना बाजाच गास."

वाजवायला सुरुवात झाली. मी भाऊंशेजारी काचेच्या अलीकडे बसले होते. चाल एकदा झाली, पुन्हा झाली, आणखी पुन्हा. भाऊ आता संपेल, मग संपेल म्हणून वाट बघत होते. आबा काचेतून त्यांच्याकडे बघत वाजवतच होते. शेवटी टेप संपली आणि नुसतं चाक गरगर फिरायला लागलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे वरातीत बँड आपणहून थांबत नाही. नवरदेवाकडचा कोणी वडीलधारा हात वर करतो, तेव्हाच थांबायचं. त्याआधी थांबलं तर वऱ्हाडाचा अपमान. आबांनी उभ्या जन्मात एकही चाल आपल्या मनाने संपवली नव्हती. ते भाऊंच्या हाताची वाट बघत होते आणि भाऊ त्यांच्या थांबण्याची.

मी आत धावले. आबांचा ओठ सुजला होता आणि रुमालाला रक्त होतं. सगळं पुन्हा वाजवायचं होतं. भाऊ भला माणूस. म्हणाले, आराम करा, काही दिवसांनी या, नाहीतर याच टेपमध्ये आवाज हळूहळू कमी करून शेवट करून देतो. आबांनी नकारार्थी मान हलवली. काही दिवसांनी हे दात तोंडात असतील असं त्यांना वाटत नव्हतं, आणि अर्धवट विझलेली चाल त्यांना नको होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात तू वर कर. मी तुनाकडेच देखसू."

बाईमाणसाने बँडला हात केलेला मी कधी पाहिला नव्हता. बँडवाले एकमेकांकडे बघायला लागले. आबांनी ट्रम्पेट ओठांना लावलं.

दुसऱ्या खेपेला चाल पहिल्यापेक्षा रंगली. ढोलाच्या जागेत आबा ट्रम्पेट बाजूला घ्यायचे, आणि दर वेळी त्यांचा ओठ जास्त लाल दिसायचा. मी पुन्हा काचेच्या अलीकडे भाऊंशेजारी बसून हात मांडीखाली दाबून धरला होता. वर केला असता तर ते तिथल्या तिथे थांबले असते, त्या हाताचा मान त्यांना मोडता आला नसता. मला रडू आवरत नव्हतं. पण अर्धी चाल घेऊन मी साक्रीला परत जाणार नव्हते, आणि तेही जाणार नव्हते हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. फेऱ्याचा शेवटचा उंच सूर त्यांनी सरळ लावला, धरून ठेवला, आणि त्याच्यावर ढोल पडला. मी हात वर केला.

बाहेर आल्यावर आबांनी रुमाल उघडून बघितला. एक दात त्यात होता. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला.

"बेटी, तू जराशी घाई करी," ते म्हणाले. "आखो एक फेरा व्हता."

"नही, आबा," मी म्हटलं. "पुरं व्हयनं."

मग वरात थांबल्यावर नवरदेवाकडच्या वडीलधाऱ्याला करतात तसा त्यांनी सगळ्या बँडसमोर मला कपाळाला हात लावून सलाम केला, आणि ट्रम्पेट पेटीत ठेवलं.