सातशे एकवीस समजून घेताना

आमच्या ह्यांनी, म्हणजे जयसिंहरावांनी, चाळीस वर्षं दाल बाजारात डाळीची दलाली केली. मूठभर तूर तळहातावर घेतली की कुठल्या प्रतीची ते सांगायचे. तेच गृहस्थ अडुसष्टाव्या वर्षी हिंदी व्हिडिओ लावून क्रिप्टोच्या टोकनची मानकं शिकायला बसले, तेव्हा म्हटलं, साठी बुद्धी नाठी!

कारण एकच, हेमेंद्र. आमचा एकुलता एक. डब्लिनला ब्लॉकचेनच्या कंपनीत असतो. पाच वर्षं झाली, घरी आला नाही. रविवारी फोन येतो. 'जेवलात? तब्येत ठीक है ना? चलो, ठेवतो.' चार मिनिटं. त्याची इतकी आठवण येते की फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला धरून बसते.

ह्यांचा बेत असा, की पोराच्या कामातलं विचारलं तर तो खुलेल, आणि खुलला की दिवाळीला येतोस का, ते विचारायचं.

मग काय, रोज स्वयंपाकघरात शिकवणी! "शालिनी, ईआरसी-वीस ह्या मानकाची टोकनं म्हणजे एका प्रतीची तूर. माझी किलोभर घे, तुझी दे, कुणाचं काही बिघडत नाही. ईआरसी-सातशे एकवीसमधल्या प्रत्येक टोकनला मात्र स्वतःचा नंबर. तिथे बदली चालत नाही."

"आणि मानक म्हणजे काय हो?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलेले हुकूम. किती आहे सांग, इकडचं तिकडे दे. हुकूम तेच असले की कुठल्याही वॉलेटला, म्हणजे टोकन ठेवायच्या पाकिटाला, नवं टोकन कळतं. बाजारात सगळ्यांचा किलो एकच असतो ना, तसं."

कळलं मला, खोटं कशाला बोलू? पण त्या नादात भाजी करपली.

रविवारी ह्यांनी विचारलं, "हेमू, टोकन एखाद्या प्रोग्रामकडे पाठवलं आणि त्याला ते सांभाळताच येत नसलं तर?"

पोरगं ओरडलंच, "बाबा! ये आपको किसने बताया?" मग जो सुटला! असं टोकन कायमचं अडकतं म्हणाला. म्हणून सातशे एकवीसमध्ये सुरक्षित पाठवणीचा हुकूम आहे. तो आधी त्या प्रोग्रामला विचारतो, तुला घेता येतं का? उत्तर नीट आलं नाही, तर टोकन जागचं हलत नाही.

किती दिवसांनी तो असा खळखळून हसला! मी समोरून खुणा करतेय, दिवाळीचं विचारा, अहो, दिवाळीचं! हे आपले खिडकीबाहेर बघतायत. एकेचाळीस मिनिटांनी फोन ठेवला.

मी भडकले. "तोंडाला कुलूप लागलं होतं का तुमच्या? का नाही विचारलंत?"

चष्मा पुसत म्हणाले, "विचारलं असतं तर नाही म्हणाला असता गं. मग पुढच्या रविवारी पुन्हा चार मिनिटं."

मला रडूच फुटलं. मला माझ्या पोराला डोळ्यांनी बघायचंय, समोर बसवून वाढायचंय. आणि हे मला म्हणतात, "अजून एक मानक आहे, अकराशे पंचावन्न. बस, तुलाही सांगतो. पुढच्या रविवारी त्यातलं तू विचार त्याला."

बसले मी.