झाडलेली राई

दर श्रावणात आमच्या गावच्या देवराईत मी एकाच जागी वाकते. तिथे कुजक्या पानांतून पोवळ्यासारखी अळंबी उगवते. केशरी, बोटभर उंच, फांद्याफांद्यांची. समुद्रातलं काहीतरी वाट चुकून डोंगरावर आल्यासारखी. आता ती फारशी कुठे दिसतही नाही. यंदा त्या जागी खराट्याच्या रेघा होत्या.

"बघा ताई, कसं लख्ख केलं," देवस्थान समितीचे भाऊ म्हणाले. सगळा पालापाचोळा त्यांनी ओढ्यात लोटून दिला होता.

राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, देव कोपतो, असं यांच्याच वडिलांनी आम्हाला बजावलं होतं. आणि आता देवाचीच पानं देवाच्या नावाने फेकायची? जंगल म्हणजे काय यांचा दिवाणखाना आहे? कुजणं म्हणजे घाण, हे यांना शिकवलं कुणी? त्या अळंबीचं सगळं घरच कुजण्यात असतं.

मी हे बोलले, तर भाऊ समजूत घातल्यासारखे हसले. "अळंबीच ना? येईल परत."

निघताना माझा पाय घसरला. पानांखालची माती उघडी पडून तिचा चिखल झाला होता. भाऊंनी हात दिला.

"जपून," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी इथे फरशी घालतोय."