वाळवंटातली राखण

पिकाची राखण करणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण जनावरांनी येऊन खावं म्हणूनच पीक लावायचं, आणि ती खायला आली की सवयीने टाळ्या वाजवून त्यांना हाकलून द्यायचं, असं करणारा माणूस साऱ्या अरबस्तानात एकच होता आणि तो हफ्र अल बातिनमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होता. आमच्या इस्पितळातले हे डोळ्यांचे डॉक्टर. मी त्याच इस्पितळात लॅबमध्ये आहे. गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना डॉक्टरकाका म्हणायची. मूळ देवगडकडचे. एरवी बोलणं पुस्तकी आणि मऊ, चिडले की मालवणी, आणि चिडायचे ते बहुतेक पक्ष्यांवर. घरी भातशेती आणि खाली कुळथाचा मळा असल्यामुळे त्यांचं लहानपण माचावर बसून माकडं आणि डुकरं हाकलण्यात गेलं. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा, असा त्यांचा सगळा अभ्यास झाला. पुढे पदव्या मिळाल्या, इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, डॉक्टर अशी नोंद झाली, पण हातातून डबा काही सुटला नाही. त्यांच्या गॅलरीत कढीपत्त्याचं एक रोप होतं. हफ्रमध्ये कढीपत्ता खाणारं जनावर मी तरी पाहिलेलं नाही, पण काका त्या रोपाची पहाटेपासून राखण करत. कबूतर नुसतं समोरच्या तारेवर बसलं तरी आतून स्टीलच्या डब्यावर डाव आपटल्याचा आवाज यायचा. आम्हाला घड्याळाचा गजर लावावा लागत नसे.

दुसरी खोड डोळ्यांची. समोरच्या माणसाशी बोलताना काका त्याचं ऐकत आहेत असं वाटायचं, पण ते त्याची बुबुळं तपासत असायचे. कलिंगडवाल्याची पापणी भर बाजारात वर करून बघणारं दुसरं गिऱ्हाईक मला ठाऊक नाही. कतीफहून बर्फात घालून आलेला मासा घ्यायला गेलो की आपण डोळा बघतो ते मासा ताजा आहे की नाही हे कळायला. काका एकदा एका हामूरच्या डोळ्यात बराच वेळ पाहत राहिले आणि बंगाली मासेवाल्याला म्हणाले, "ताज़ा है, लेकिन इसको मोतियाबिंद था." मासेवाल्याने तो बदलून दुसरा दिला. काकांनी पहिलाच घेतला. म्हणाले, बिचाऱ्याला जाळं दिसलं नसणार, त्यात त्याचा काय दोष.

गाडी ते चालवत नसत. "रस्त्याकडे बघायला घेतलं की मी माणसांचे डोळे बघतो," हे त्यांनी दिलेलं कारण, आणि ते खरं असावं. मला इथे लायसन्स मिळालं तेव्हा सर्वांत जास्त आनंद माझ्या नवऱ्याला न होता काकांना झाला. त्या दिवसापासून मी त्यांची सारथी झाले. शुक्रवारी माझा नवरा झोपतो आणि मुलगी मोबाइलमध्ये असते, त्यामुळे काकांना कुठेतरी नेऊन सोडणं हाच माझा शुक्रवार असायचा. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काकांची अरबी दवाखान्यापुरती होती. शूफ फोग म्हणजे वर बघा, शूफ तहत म्हणजे खाली बघा, सीदा म्हणजे सरळ, ला तहर्रक म्हणजे हलू नका. एवढ्या चार वाक्यांवर त्यांनी इथे सगळी नोकरी काढली. बाकी शब्द ते इकडून तिकडून उचलत, आणि म्हणून एकदा घोटाळा झाला. एक म्हातारे गृहस्थ तपासायला आले होते. त्यांचा मुलगा आमच्याच इस्पितळात कारभार बघतो. वडीलधाऱ्या माणसाला इथे आदराने 'अम्मी' म्हणतात, म्हणजे माझे काका. काकांनी ते ताजं ताजं ऐकलेलं. छातीपर्यंत पांढरी दाढी असलेल्या त्या म्हाताऱ्याला ते मोठ्या प्रेमाने म्हणाले, "अम्मी, शूफ फोग." शेजारी उभ्या असलेल्या हैदराबादच्या नर्सबाईंच्या हातातली थेंबांची बाटली खाली पडली. पण म्हातारा खूश झाला, आणि आमच्यासाठी त्या दिवसापासून तो अम्मीच झाला. अम्मी दाढी कुरवाळत असत, अम्मी मिशीला आलेला कॉफीचा फेस पुसत असत, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

अम्मींना काचबिंदू होता, आणि ते फार उशिरा आले होते. बाजूची नजर गेलेली, मधोमध तेवढी उरलेली. नळीतून बघावं तसं त्यांना दिसे, आणि ती नळीही अरुंद होत चालली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली सांभाळायची, तीही जमेल तितके दिवस. काकांनी हे त्यांना मुलाच्या मदतीने समजावून सांगितलं. अम्मींनी आंधळा होईन का, असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "नजर जायच्या आधी एकदा आमच्या जमिनीवर शिकार दिसेल का?" गावाबाहेर वाडीच्या कडेला, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्राला लागून, त्यांच्या घराण्याची शिकारीची जमीन होती. त्यांचे वडील तिथे मनगटावर ससाणा घेऊन जात आणि हुबारा धरत. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ शोभेल असा पक्षी. आता शिकारीला परवाना लागतो, मोसम लागतो, आणि मुख्य म्हणजे शिकार लागते. ती नव्हती. लोकांच्या उंटांनी आणि शेळ्यांनी सगळी झुडपं मुळापर्यंत खाल्ली होती. अम्मींना मारायचं काही नव्हतंच, एकदा बघायचं होतं.

घरी येताना काकांनी गाडीतून कुणाच्याही डोळ्यांकडे बघितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला आपल्या हातात काही उरलेलं नाही हे सांगावं लागतं तेव्हा तो कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आमच्या इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "बाये, खायला असलं की येतात. आमच्याकडे कधी कुणाला बोलवावं लागलं नाही."

जनावरांना काय आवडतं हे काकांना विचारायला नको होतं. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत जे जे चोरीला गेलं होतं ते सगळं त्यांना पाठ होतं. ससा आधी कोवळा शेंडा खातो, मग पानं, आणि रोज त्याच वाटेने येतो, असं ते जुन्या शत्रूबद्दल बोलावं तसं सांगत. अम्मींच्या मुलाने कुंपण दुरुस्त करून दिलं. काकांनी त्याला तळाशी वीतभर फट ठेवायला लावली, ससा आत यावा आणि शेळी बाहेर राहावी म्हणून. थंडीच्या तोंडावर पहिला पाऊस शिंपडून गेला तसा जव पेरला, एका बाजूला बरसीम, म्हणजे आपली लसूणघास, आणि कडेने इथलीच रानझुडपं. एका कोपऱ्यात काकांनी गावाहून आणलेला कुळीथ टाकला. तो वीतभर वाढला आणि त्याने हाय खाल्ली. माझ्या मुलीने हे सगळं ऐकून विचारलं, "अंकल रॅबिट्ससाठी फार्मिंग करतायत? बट व्हाय?" काकांनी तिची पापणी वर करून बघितली आणि मोबाइल कमी कर म्हणून सांगितलं.

जव घोट्याएवढा झाला. हफ्रच्या त्या तांबूस मातीत हिरवा तुकडा दिसायला लागला आणि आम्ही सगळे मनातल्या मनात फुलून गेलो. मग एका शुक्रवारी मी थोडी उशिरा पोचले. काका सकाळीच अम्मींच्या मुलाच्या गाडीने गेले होते. बघते तर शेताच्या मधोमध दोन काठ्यांवर एक बुजगावणं उभं. अंगात इस्पितळाचा जुना पांढरा कोट, डोक्याच्या जागी ताकाची प्लास्टिकची बादली, आणि बादलीवर मार्करने काढलेले दोन डोळे, बुबुळांसकट, शास्त्रशुद्ध.

मी विचारलं, "काका, हे कोणाला घाबरवायला?"

"येतील त्यांना," काका म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. कोणीही यावं म्हणून सगळा खटाटोप केला होता, आणि त्यांनी सकाळभर खपून, घाम गाळून, येणाऱ्याला भिववायची सोय केली होती. "पीक वर आलं की उभं करायचं असतं गो," ते हळूच म्हणाले. "हातांनी केलं. मला विचारलं नाही."

ते उपटायला धावले, पण अम्मींनी काठी आडवी केली. हा कोण, असं त्यांनी विचारलं. काकांना बुजगावण्याला अरबी शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "तबीब." डॉक्टर. अम्मी हसले आणि म्हणाले, "राहू दे. डॉक्टर बसला की लोक येतातच." मग थोड्या वेळाने, हसू गेल्यावर, मुलाला काहीतरी सांगितलं आणि मुलाने आम्हाला हिंदीत सांगितलं, "बाबा बोलते हैं, ज़मीन पूरी एक जैसी दिखती है. वो सफ़ेद वाला मिल जाता है." काकांनी हात मागे घेतला. कोट राहिला.

पुढचे कितीतरी शुक्रवार आम्ही कुंपणाबाहेर सतरंजी टाकून बसलो. काही येईना. आलं ते काका टिकू देईनात. एकदा पखुर्ड्यांचा, म्हणजे कबुतराएवढ्या माळपक्ष्यांचा, थवा जवात उतरला. पंखांचा आवाज ऐकून अम्मी सावरून बसले, आणि त्यांची नजर तिकडे वळायच्या आत काका ताडकन उठून टाळ्या वाजवत ओरडले, "हाऽऽ हुर्र! मेल्यांनो, ह्या काय तुमच्या बापाशीचा शेत आसा?" शेत काकांच्या बापाचंही नव्हतं. थवा गेला. अम्मी दुसरीकडे तोंड करून कॉफी प्यायले. काकांचा चेहरा मात्र मला बघवेना. त्या दिवसापासून ते बसताना दोन्ही हात मांड्यांखाली घेत आणि तोंडात एक मोठा खजूर धरत, म्हणजे ओरडता येऊ नये. तो चावायचा नाही, नुसता धरायचा. तासन्‌तास. त्यांच्या साखरेची मला काळजी वाटायची, कारण रक्त माझ्याकडेच यायचं.

दरम्यान अम्मींची तपासणी चालू होती. काका मला आकडे सांगत नसत, पण दर खेपेला परत येताना ते गाडीत जव किती वाढला असेल एवढंच विचारायचे. नळी अरुंद होत होती. जव पोटऱ्यांपर्यंत आला होता. अंधार आणि शिकार, दोघांत कोण आधी पोचतं, एवढाच प्रश्न उरला होता.

थंडी ओसरून ऊन लागू लागलं होतं तेव्हाची गोष्ट. नमाज आटोपून अम्मी आले, सतरंजीवर बसले. मी थर्मासमधून कॉफी ओतत होते. काकांनी एक हात मांडीखालून काढून माझ्या दंडाला धरलं. त्यांचं बोट शेताकडे होतं. त्या सगळ्या माळावर दुपारची सावली एकच होती, बुजगावण्याची. आणि तिच्यात एक ससा बसला होता. इथल्या सशाने बुजगावणं कधी पाहिलेलं नसावं. ती काय वस्तू आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने खाऊन झाल्यावर सावली बघितली आणि तिथे अंग टाकलं.

आता अम्मींना तो दिसायला हवा होता. मातीच्या रंगाचा ससा, मातीच्या रंगाच्या माळावर, आणि बघणारा नळीतून. काकांनी खजूर गालात सरकवला आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात, कुजबुजत म्हणाले, "अम्मी. शूफ सीदा. बालतो." कोट. अम्मींची मान सावकाश फिरत गेली आणि थांबली. कोट सापडला होता. "तहत," काका म्हणाले. "तहत. तहत. बस. ला तहर्रक."

अम्मी हलले नाहीत. ससाही हलला नाही. मी कॉफीचा पेला तसाच धरून होते. मग अम्मी म्हणाले, "अर्नब." ससा.

काका डॉक्टर होते. भिडेखातर हो म्हणणारे पेशंट त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी विचारलं, "कान? रंग?"

"लाल," अम्मी म्हणाले. "सावलीच्या बाहेर आहेत. उन्हात."

खरंच, कान तेवढे सावलीबाहेर होते आणि ऊन त्यांतून आरपार येत होतं. मला ते अम्मींनी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. ससा उठला, पुढच्या ओळीत गेला आणि जवाचा शेंडा तोडून खाऊ लागला. काकांचा सगळा देह ताठ झाला. मी त्यांची बाही पकडली. अम्मींना ते कळलं की काय कोण जाणे, पण ते हात किंचित वर करून म्हणाले, "खल्लि याकुल." खाऊ दे.

येताना अर्धा रस्ता संपेपर्यंत काकांच्या तोंडात तो खजूर तसाच होता. मग तो त्यांनी खाल्ला, बी खिडकीबाहेर टाकली आणि म्हणाले, "खावंदे म्हणाले गो. जमिनीचा मालक असून. माझ्या बापाशीनं जन्मात असं म्हटलं नाही." आणि ते रडले, अगदी उघडपणे, रुमाल न काढता. मी गाडी हळू केली.

हुबारा काही आला नाही. त्या उन्हाळ्यात अम्मींची नजर पूर्ण गेली, आणि काकांचं कंत्राट संपून ते देवगडला परत गेले. कढीपत्ता मला देऊन गेले. कबुतरं आता त्यावर खुशाल बसतात आणि मी त्यांना हाकलत नाही. काका आता घरी कुळथाच्या मळ्यात बसतात म्हणे, डबा शेजारी ठेवून. त्यांचे भाऊ ओरडतात की माकडं सगळं नेतात आणि हा नुसता बघत बसतो.

अम्मींनी यंदाही जव पेरून घेतला. कोटाच्या चिंध्या झाल्या होत्या, म्हणून मी माझा लॅबकोट दिला. तो कुणाला दिसण्यासाठी आहे, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. जमेल त्या शुक्रवारी मी जाते. अम्मी बरोबर कोटाच्या दिशेला तोंड करून बसतात आणि विचारतात, "आला?" नसला तर मी नाही म्हणते. पेशंटला खोटं सांगायचं नाही अशी काकांची ताकीद आहे. नाही म्हटलं की अम्मी चाचपून खजुरांची थाळी माझ्याकडे सरकवतात. वाट बघताना तोंडात खजूर धरून गप्प बसायची हिंदुस्थानी लोकांची रीतच आहे, अशी त्यांची समजूत झाली आहे, आणि ती मी अजून दुरुस्त केलेली नाही. काकांची मला तिथे फार आठवण येते. मी एक खजूर उचलते, गालात धरते, आणि आम्ही दोघं समोर बघत बसतो.