काजळ पसरवून मिळेल

पार्लरमध्ये केस आणि किस्से सारखेच. सकाळी कितीही झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात ढीग असतोच! केस तरी कचऱ्याच्या गाडीत जातात. किस्से मात्र आपल्याबरोबर घरी येतात आणि जेवताना मध्येच आठवून ठसका लागतो.

आमचं पार्लर सोलापुरात, अशोक चौकातून जरा आत. दोघी मिळून चालवतो, मी आणि शकुंतला. शकुंतला माढ्याकडची. सोलापुरात येऊन तिला बरीच वर्षं झाली, पण बोली तिनं गावाकडून आणली ती तशीच ठेवलीय. मी तिला शकूताई म्हणते, गिऱ्हाइकंही शकूताईच म्हणतात. ब्रायडल मेकअप माझ्याकडे. थ्रेडिंग, फेशियल आणि फटकन बोलणं तिच्याकडे.

आता जे सांगतेय ते सगळं एकाच गोष्टीवरून झालं. पसरलेल्या काजळावरून!

*

सुरुवात केली श्रेयानं. आमच्याच गल्लीतली मुलगी, पुण्यात नोकरीला. मैत्रिणीच्या बर्थडे पार्टीसाठी सोलापूरला आली होती. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं फोन पुढे केला.

"ताई, मला हा लुक हवाय. पार्टी-गर्ल लुक. थोडा मेसी, थोडा स्मज्ड."

फोटोतल्या बाईचं काजळ डोळ्यांखाली उतरलेलं, लिपस्टिक ओठांची हद्द सोडून बाहेर, केसांत तर चिमण्यांनी संसार मांडावा! शकूताईनं फोन हातात घेतला. लांब धरून बघितला, मग जवळ धरून बघितला.

"ह्यो फोटू मेकपच्या आदीचा हाय का नंतरचा?"

"नंतरचा!"

"मग करणारी मधीच पळून गेली का काय?"

श्रेयानं समजावलं की, रात्रभर नाचून पहाटे घरी आल्यासारखं दिसलं पाहिजे. मी कामाला लागले. पण हाताला वळण लागलेलं असतं हो! आयुष्यभर रेघ सरळ काढायला शिकलेला हात, तो वाकडी काढेना. मी पसरवायची, श्रेया आरशात बघायची आणि तोंड पाडायची. "नाही ना ताई, खूपच नीट झालंय."

शेवटी शकूताईनं मला बाजूला केलं.

"डोळं मीट गं. आता समज, सकाळ झालीया. आई हाका मारती, आन तुला तर उटायचं न्हाय. काय करतीस?"

श्रेयानं दोन्ही मुठींनी डोळे खसाखसा चोळले. उघडून बघते तर हुबेहूब फोटोतला लुक! ती आनंदानं किंचाळलीच.

शकूताई टॉवेल झटकत म्हणाली, "ह्याला पार्लर कशाला लागतंय? आमच्या घरात रोज सकाळी समद्यांचं हुतंय की!"

*

श्रेयानं पार्टीतले फोटो टाकले आणि आमच्याकडे तसल्या लुकसाठी मुली यायला लागल्या. आता पंचाईत अशी की, आमच्याकडचं सगळं काजळ न पसरणारं! मग मी गेले मुनीरभाईंच्या दुकानात. आम्ही कॉस्मेटिक्स त्यांच्याकडूनच घेतो.

"भाई, सबसे जादा फैलनेवाला काजल देना."

मुनीरभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई तीच आहे का याची खात्री केली.

"आपा, इत्ते बरसां हर गर्मी में आको आप मेरे पो चिल्लाए, काजल फैलता बोलको. मैं कंपनीवाले से झगड़ा करा. फैलनेवाला सब माल वापस करा. अब आप फैलनेवाला मंगरे?"

"फॅशन है, भाई."

त्यांनी घरी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी एक छोटी डबी माझ्या हातात ठेवली. त्यांच्या अम्मींनी घरी पाडलेलं काजळ. "ये लगाए तो शाम तलक गालां पो आता. गॅरंटी!"

खरंच आलं! आम्ही डब्यांवर डब्या मागवत गेलो. एकदा मुनीरभाईंना विचारलं, "अम्मी खूष आहेत ना?"

"खूष कायके! घर में तीनों बहुआं नावां रखते थे ना इस काजल कू? अम्मी अब उनोंकूच बनाने बिठा रे!"

*

हात बसावा म्हणून आम्ही दोघी एकमेकींवर प्रॅक्टिस करायचो. एकदा शकूताईनं माझे डोळे असे रंगवले की काळ्याखाली लालसर शेड, त्याखाली परत काळं. तेवढ्यात घरून फोन आला, गॅस संपलाय. मी तशीच निघाले.

दारात सासूबाई. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं बाई! डोळे आलेत तुला!"

मी सांगणारच होते. पण आमच्या ह्यांनी आतून ओरडून विचारलं, "म्हणजे स्वयंपाक कोण करणार?" आणि कोण जाणे, माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला!

मला वेगळा टॉवेल मिळाला. वेगळी खोली मिळाली. "पोळपाटाला हात लावू नकोस, घरभर साथ पसरेल," अशी सासूबाईंची सक्त ताकीद. आमच्या ह्यांनी युट्यूब लावून पिठलं केलं. ते सुरीनं कापून खावं लागलं, पण आयतं ताट समोर आल्यावर कोण बोलतंय! मी रोज सकाळी कपाटातली रंगांची डबी घेऊन बाथरूमच्या आरशात आजार नीट काढून घ्यायची आणि खोलीत येऊन पडायची.

असे दोन-तीन दिवस मजेत गेले. मग एका सकाळी उठले तर घरात सामसूम. हे ओट्यापाशी कणकेत कोपरापर्यंत बुडालेले. आणि सासूबाई पलंगावर आडव्या, डोळ्यांवर ओली पट्टी.

"काय झालं आई?"

त्यांनी पट्टी वर करून मला एक डोळा दाखवला. काळ्याखाली लालसर, त्याखाली परत काळं.

"मलापण आले वाटतं गं!" आणि हळूच म्हणाल्या, "तुझी ती डबी कपाटात जागेवर ठेवलीय हो."

*

आमच्या भागात विणकरांची तेलुगू घरं पुष्कळ. त्यातल्याच एका घरातलं आमचं गिऱ्हाईक, लावण्या. कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीसाठी तिला हाच लुक हवा होता. सोबत तिची अव्वा, म्हणजे आजी आली होती. अव्वा बाकावर बसली ती बसल्या जागी घोरायलाच लागली.

लावण्याचं काम मी मन लावून केलं. काजळ पसरवलं, ब्रशनं धूसर केलं, लिपस्टिक बोटानं कडेला ओढली, केस उलटे विंचरून विस्कटले. झकास जमलं होतं! मी फोटो काढायला फोन शोधू लागले. तेवढ्यात मागे अव्वा जागी झाली.

"अय्यो, इदेंदी? हे काय गं?"

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. अव्वानं पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं, डाव्या हातानं लावण्याची हनुवटी पकडली आणि कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं पुसून मोकळी! मग तेल लावल्यासारखे केस चापून-चोपून बसवले. लावण्याला ओरडायलासुद्धा सवड मिळाली नाही.

मग अव्वा माझ्याकडे वळली.

"एवढं मोठं दुकान तुझं. पोरीचं तोंड तेवढं धुवायला होईना?"

शकूताईनं लगेच तिच्यापुढे रिकामी खुर्ची सरकवली. "अव्वा, तुमी कामाला याल का? क्लीनअपचं गिऱ्हाईक लई हाय!"

*

मे महिन्यातलं एक लग्न. नवरीला पारंपरिक मेकअप, करवलीला स्मज्ड. एकाच कार्यालयात, एकाच खोलीत दोघींना बसवलेलं. सोलापूरचा मे म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

दोघी तयार झाल्या आणि लाईट गेली. जनरेटर खोकला आणि तोही गेला. नवरी शालूत, दागिन्यांत, खोलीत दहा बायका. अर्ध्या तासात नवरीचं न पसरणारं काजळ गालावर, लिपस्टिक हनुवटीकडे. आणि करवलीचा स्मज्ड लुक? मी त्याच्यावर दोन वेळा सेटिंग स्प्रे मारला होता. विस्कटलेलं सगळं शिस्तीत, जागच्या जागी!

नवरी माझ्यावर उखडली. "ताई, तिचं पसरवलेलं पसरत नाही आणि माझं न पसरवलेलं पसरतंय!"

दारात नवऱ्याची आत्या येऊन उभी राहिली. बाई अक्कलकोटची, अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्हीत भारदस्त. नवरीला लवकर बाहेर आणा म्हणायला आली होती. मला वाटलं, संपलं. आता भर मांडवात आपला उद्धार!

आत्यानं दोघींकडे निरखून बघितलं.

"चलो अद! छान आहे!" नवरीच्या गालाला हात लावून ती म्हणाली. "आजकालच्या पोरी थापतात किती! ही बघा, साधी. अंगावर शालू आणि तोंडावर घाम, लक्ष्मी दिसतीय." मग करवलीकडे वळली. "आणि तुला काय झालं गं? आरसा नव्हता?"

नवरीचा राग कुठल्या कुठे पळाला. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती हसतेय.

*

आणि आता मनीषा.

उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली मुलगी. वडिलांच्या मोटरसायकलवर बसून आली. सोलापुरात तिच्या मामाकडे पाहुणे तिला बघायला येणार होते. वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणत, ते दाराबाहेरच्या बाकावर टेकले. "वाईच बरं दिसंल असं करा," एवढंच बोलले.

मी पडदा ओढला तशी मनीषा कुजबुजली.

"ताई, मला वाईट दिसायचंय."

"काय?"

"पोलीस भरतीचं ग्राउंड तोंडावर आलंय. लई मेहनत केलीया मी. लग्न ठरलं की समदं संपलं. आप्पांना सांगून बघितलं, त्ये काय बोलतच न्हाईत. पोरानंच नको म्हणलं तर सुटंन मी." मग तिनं आम्ही भिंतीवर लावलेल्या श्रेयाच्या पार्टीतल्या फोटोकडे बोट दाखवलं. "त्ये तसलं करा."

उद्या बोंब झाली तर? लोक म्हणतील, ह्यांनी पोरीची सोयरीक मोडली. मी शकूताईकडे बघितलं. तिनं मुनीरभाईंच्या अम्मींची डबी उघडून माझ्यापुढे ठेवली.

केलं! डोळ्यांखाली काळं ओढलं, पापण्यांना लालसर रंग दिला, लिपस्टिक फिसकटवली, बटा मोकळ्या सोडल्या. मनीषानं आरशात बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

पडदा सरकवला. आप्पांनी लेकीकडे बघितलं.

"झालं? चल." गाडीला किक मारून निघूनही गेले.

त्यानंतर कित्येक दिवस दारात मोटरसायकल थांबली की मी आधी पडद्याआडून बघायची. आणि एका दुपारी खरंच आप्पा आले. एकटेच. खांद्यावर केळीचा घड. तो त्यांनी बाकावर ठेवला, शेजारी बसले. शकूताईनं पाणी दिलं.

"ताई, त्या दिवशी काय झालं म्हायती हाय का?"

मी मान हलवली.

"पोरगी पोहं घेऊन आली. पोरगं बगतच राह्यलं. त्याची आई उटली, पोरीला हाताला धरून आत घिऊन गेली. दोगींचं काय बोलणं झालं, देवाला ठावं. भायेर येऊन समद्यांदेखत मला म्हणली, 'पोरगी रातभर रडलीया. डोळं बगा तिचं. मलाबी असंच रडत पाटावर बसवलं हुतं. माज्या घरात रडवून आणल्याली सून नको. तिला आदी पोलीस हुऊं द्या, मग बगू.'"

शकूताईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय करत होती, कळलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मेव्हणा गप, पोराचा बाप गप. मला तर बोलायचं कामच पडलं न्हाय." आप्पा पाणी प्यायले. "आता रोज पहाटं पळती. मी गाडीवर मागनं. भाऊबंद इचारत्यात, लग्नाचं काय. मी सांगतो, पोराकडच्यांनीच थांबवलंय. आपल्या हातात काय हाय!"

ते उठले. दारापर्यंत गेले आणि चप्पल घालता घालता थांबले. ट्रेमधल्या काजळाच्या डबीकडे त्यांची नजर गेली.

"दिवाळीनंतर धाकटीला बगायला येणार हायेत. तिला कॉलेज पुरं करायचंय. तिला घिऊन येतो."

"या की," शकूताई म्हणाली.

"फकस्त लिपस्टिक वाईच कमी घ्या, ताई. रडल्याल्या पोरीच्या ओठाला कुटली आलीया लिपस्टिक? मागच्या टायमाला गाडी आडोशाला थांबवून मलाच पुसाय लागली."