अक्काच्या मेसमध्ये मटण महिन्यातून एकदा

आमच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतले जुने दोघं जरी कुठे भेटले, तरी बोलणं फिरून अक्काच्या मेसवर येतं. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि समोरचा चहा गार होतो!

महायुद्धाची वर्षं. जळगावात फॅक्टरीच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दहा जण जेवायचो. स्वयंपाक धरणगावच्या भीमाअक्काचा, बोलणं तिचं अहिराणी. सगळंच महाग झालेलं. आठवड्याला दोनदा मटण केलं की महिनाअखेरीला नुसतं वरण उरायचं. एका सोमवारी वाढता वाढताच अक्कानं जाहीर केलं, "आते मटण महिनामा एकच डाव! बाकी दिवस भाजी."

दगडूनाना ताटावरून उठलेच! नाना म्हणजे आमचे बॉयलरचे फायरमन, मटणाशिवाय घास न उतरणारे. "अक्का, मी दिवसभर आगीपुढे उभा असतो. मेथीवर कसा टिकणार?"

"बॉयलर रोज कोयसाच खास," अक्का म्हणाली, "कधी कुरकुर करस का?"

नाना बसले आणि मुकाट्यानं मेथी खाल्ली.

*

मी कापसाच्या काट्यावरचा क्लार्क. मटण गेलं की मी वाळणार, हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. पुरावा हवा म्हणून दर शनिवारी त्याच काट्यावर स्वतःचं वजन करायला लागलो. इकडे अक्काचा सपाटा चालूच! अंबाडीची भाजी, गिलकी, तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी.

दीड महिन्यात माझं वजन चार शेर वाढलं! मी ओरडलो, "काटा बिघडलाय!"

मागे कापसाची गाडी घेऊन नशिराबादचा एक शेतकरी थांबला होता. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आम्ही हेच म्हणतो, तेव्हा तुम्ही म्हणता, काटा खोटं बोलत नाही!"

*

रोज भाजी विकत घेणंही परवडेना, म्हणून अक्कानं शेडमागे भांडी धुतलेल्या पाण्यावर वांगी आणि मेथी लावली. वाफे झकास आले. एका सकाळी बघतो तर कुणाची तरी बकरी अर्धी मेथी फस्त करून उभी!

नाना तिला दोरी धरून घेऊन आले. चेहरा असा खुललेला, जसं काही बक्षीस मिळालंय. "अक्का, आपली भाजी हिच्या पोटात गेली. आता हीच आपली भाजी!"

अक्कानं बकरी सोडून दिली. "जाऊ द्या तिले. तुम्हनापेक्षा शहानी शे. गुपचूप भाजी खास!"

*

थंडीत वांगी धरली. भरिताचं वांगं चुलीत नाही, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या जाळावरच भाजायचं, हा अक्काचा हट्ट. तिनं शेडमागे जाळ केला, आणि धूर वर चढला.

चौकीदार ओरडला, "आग! आग!"

जिनिंगमध्ये हा शब्द ऐकला की काळजाचं पाणी होतं. मशिनं थांबली, बाया धावत बाहेर आल्या, मॅनेजरसाहेब अनवाणी बादली घेऊन पळत आले. बघतात तर निखाऱ्यावर वीस वांगी!

साहेबांनी अक्काला असं झापलं की आम्हाला वाटलं, संपली मेस. अक्कानं त्यांच्यापुढे भरीत-भाकरीचं ताट ठेवलं. ते ताट त्यांनी उभ्या उभ्या संपवलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : "आवारात जाळ करण्यास सक्त मनाई आहे. भरीत आवाराबाहेर करावे व ऑफिसात पाठवावे."

*

नानांच्या मुलीची दोन स्थळं मोडली होती. तिसरं धुळ्याचं. मुलगा चांगला, मुलीलाही पसंत. बोलणी पक्की करायला मुलाचे वडील जळगावला येणार आणि मेसवरच जेवणार होते. नानांना मटणच करायचं होतं, पण बाजारात त्या दिवशी मटण नाही. नाना रडकुंडीला आले. "अक्का, व्याही काय म्हणतील? पोरीचं काय होईल?"

अक्कानं काळ्या मसाल्याचा रस्सा केला, त्यात बेसनाच्या पातोड्या सोडल्या.

पाहुणे जेवायला बसले. भाकरीवर भाकरी. नाना वाढत होते आणि त्यांचा चेहरा न्याहाळत होते. स्वतः त्यांनी घासही घेतला नव्हता.

शेवटी पाहुण्यांनी हात धुतले. "नाना, वैद्यानं माझं मटण चार वर्षांपासून बंद केलंय. मुली बघायला जाईन तिथे लोक प्रेमानं मटण करतात, आणि मी कांदा-भाकरी खाऊन उठतो. आज पोटभर जेवलो! तारीख काढा."

त्यांना फाटकापर्यंत पोचवून नाना परत आले. डोळे ओले. मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अक्का, आता मलाही वाढ."

अक्कानं रिकामं पातेलं दाखवलं. "बठ्ठं पाव्हणाच खाई गया!"

नानांनी मीठ-मिरचीशी कोरडी भाकरी खाल्ली. आणि वर अजून दोन मागितल्या!