फणसापाशी बंद

माझ्या सासऱ्यांना दोन गोष्टी एकदम बदललेल्या खपत नसत. चहा बिघडला तर 'साखर कमी पडली' असं चारचौघांसारखं ते कधी म्हणाले नाहीत. कप खाली ठेवून विचारायचे, "आज दूध बदललंस की पत्ती?" लग्न होऊन पुण्याहून नवीनच आले होते, तेव्हा मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हटलं, "दोन्ही!" त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं, की मला वाटलं आता माहेरी परत पाठवतात. "मग दोष कुणाचा ते कळणार कसं, सूनबाई?" ते म्हणाले. "एका वेळी एकच बदलायचं की."

घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीत उभी हयात गेली, आणि संसार झाला चामराजपेटेतल्या दोन खोल्यांत. तिथे दाराबाहेर स्कूटर लावली की माणसाला आडवं होऊन आत शिरावं लागायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी शहराबाहेर, आनेकलच्या पुढे जमीन घेऊन घर बांधलं आणि घराभोवती काय लावलं? भाजी नाही, फुलं नाहीत, नुसतं गवत! कोपऱ्यात आधीपासून असलेला एक फणस तेवढा ठेवला. "अक्कानं जन्मभर फरशी पुसली," हे त्यांचं कारण. "आता जरा मऊ जमिनीवर अनवाणी चालू दे तिला." अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. हे कारण त्यांना स्वतःला अण्णांनी कधी सांगितलं नाही, मला सांगितलं.

एवढं गवत कापायचं कसं? तर कुठल्याशा कंपनीच्या आवारातून मोडीत निघालेलं, वर बसून चालवायचं गवत कापण्याचं मशीन त्यांनी पैदा केलं. गावातले लोक त्याला 'चिक्क ट्रॅक्टर', म्हणजे छोटा ट्रॅक्टर, म्हणायचे. टेम्पोतून ते गंजकं धूड उतरलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "अहो, हे काय नवीन लचांड?" पण दोन महिन्यांत अण्णांनी ते खडखडीत चालू केलं. दर रविवारी आम्ही नवरा-बायको बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरहून ट्रॅफिकशी झगडत तिथे पोचायचो, तेव्हा अण्णा डोक्याला पंचा बांधून, ताठ बसून, गवतावर फेऱ्या घालत असायचे. लग्नाच्या वरातीतही माणूस इतका खूश नसतो.

आणि मग ते मशीन दगा द्यायला लागलं. सुरू व्हायचं झकास, पण फणसापाशी जमीन जरा उंचसखल होती, तिथे गेलं की फट्‌दिशी बंद. अण्णांच्या निळ्या वहीत नोंद झाली, 'फणसापाशी बंद.' पहिल्या रविवारी त्यांनी जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. फणसापाशी बंद. दुसऱ्या रविवारी प्लग बदलला. फणसापाशी बंद. मग पेट्रोलची जाळी, मग हवेची जाळी, मग बॅटरीच्या वायरी. कार्बोरेटर तर जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून उघडला होता, अक्कांनी घर डोक्यावर घेतलं. माझा नवरा माधव म्हणाला, "अण्णा, सगळं एकदम बदलून टाका की, सुटलो!" अण्णा त्याच्याशी अर्धा दिवस बोलले नाहीत.

हे सगळं चालू असताना आम्हाला दुसरं काही दिसत नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. त्यांच्या पट्ट्याला त्यांनी स्वतःच टोच्यानं दोन नवीन भोकं पाडली होती. अंगठी बोटात राहीना म्हणून देवघरात ठेवली होती. ताटात अर्धी भाकरी तशीच राहायची. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "मला काय धाड भरलीय?" आणि पुन्हा स्वारी मशीनपाशी. उतारवयात माणूस वाळतोच, असं आम्हीही म्हटलं आणि मोकळे झालो.

एका रविवारी त्यांना दम लागला. म्हणाले, "सूनबाई, आज तू चालव. मी बाजूनं चालत आवाज ऐकतो." मी जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. मी चांगली सत्तर किलोंची, त्यामुळे सीट कुरकुरली तेव्हा माधव हसला, त्याला नंतर बघून घेतलं. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. फणस तीनदा आला आणि गेला. मी विजयी मुद्रेनं उतरले. अण्णा बसले. फणसापाशी बंद. मी पुन्हा बसले, चाललं. ते पुन्हा बसले, बंद.

अण्णांनी वही काढली. 'सूनबाई, चालते. मी, बंद.' एवढं लिहून त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली. मग म्हणाले, "एकच बदल आहे."

त्यांनी सीट उचलून दाखवली. खाली एक स्विच होता. वर माणूस बसला की तो दाबला जातो आणि इंजिन चालू राहतं. माणूस पडला तर स्विच सुटतो आणि इंजिन थांबतं, नाहीतर खालची पाती त्यालाच कापून काढतील. "खाचखळग्यात मी उडतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "त्याला वाटतं, वर कुणी नाहीच."

माधव म्हणाला, "एवढंच ना? त्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू. कटकट मिटली." अण्णा असे भडकले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "अरे, तो खरं सांगतोय आणि तू त्याचं तोंड बांधतोस?" मग माझ्याकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाले, "चल, वजन करून येऊ."

घरात काटा नव्हता. आनेकलच्या किराणा दुकानात, नाचणीची पोती मोजायच्या काट्यावर अण्णा चपला काढून उभे राहिले. एकोणपन्नास. रिटायर होतानाच्या तपासणीच्या कार्डावर अडुसष्ट होते, हे त्यांना पाठ होतं. परत येताना गाडीत ते एकच वाक्य बोलले, "अक्काला आज सांगू नको, उद्या डॉक्टर काय म्हणतात ते बघू." मी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून रडले.

पोटात गाठ होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने गेले असते तर हातात काही उरलं नसतं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर अण्णांनी सुरू केलं ते एकच औषध मनापासून, दर रविवारी मशीनवर बसायचं. बंद पडलं की अक्का ओट्यावरून ओरडायच्या, "अहो, या आता जेवायला!" आणि ते मुकाट येऊन तूप घातलेली भाकरी संपवायचे. ज्या माणसानं कधी कुणाचं ऐकलं नाही, तो एका स्विचचं ऐकत होता. पाचव्या महिन्यात मशीन फणस ओलांडून गेलं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मी आणि माधवनं अशी आरडाओरड केली की शेजारचे धावत आले. अण्णांनी नुसता हात वर केला आणि पुढची फेरी घातली.

त्या ऑपरेशननं आम्हाला अडीच वर्षं दिली. अक्का रोज सकाळी गवतावर अनवाणी चालायच्या आणि अण्णा पायरीवर बसून बघायचे. मग आजार परत आला, आणि या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. अण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. पण जाण्याच्या तीन आठवडे आधीचा एक रविवार आहे, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

त्या दिवशी ते काठी टेकत मशीनपाशी गेले आणि मोठ्या कष्टानं वर बसले. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, हातभर पुढे गेलं आणि सपाट जमिनीवरच बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. त्यांनी वही मागितली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते नुसते बसून राहिले. माझ्यानं बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, जोडू या त्या वायरी. आजच्यापुरत्या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल की," ते म्हणाले, आणि हसले.

तेवढ्यात अक्का ओट्यावरून खाली आल्या. त्यांनी एका बाजूनं सीटच्या मागच्या कडेवर तळवा ठेवला आणि जोर लावला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघत काय बसलीस? ये की इकडे." मी दुसऱ्या बाजूनं हात टेकला. अण्णांनी मान वळवून आम्हा दोघींना पाहिलं. आधी पाती बंद असल्याची खात्री केली, मग कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, आणि किल्ली फिरवली.

मशीन निघालं. आम्ही दोघी सीट दाबत, वाकून, त्याच्या बरोबरीनं चालत होतो. एकही काडी कापली जात नव्हती. अण्णा मात्र ताठ बसले होते, अगदी पहिल्यासारखे. फणसापाशी जमीन उंचसखल झाली तशी सीट हाताखाली हलली. माझे खांदे भरून आले होते, अक्कांना धाप लागली होती.

मागे न बघता अण्णा म्हणाले, "सोडू नका गं."

"नाही हो," अक्का म्हणाल्या, "तुम्ही चालवा."