घरातल्या बायकांचं अंग

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मागच्या वर्षी दाढ काढली आणि रक्त काही केल्या थांबेना. टॉवेलच्या टॉवेल लाल. तेव्हा मोठ्या दवाखान्यात कळलं, की रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन तिच्या अंगात जन्मापासून कमी आहे. जाणारं दुखणं नव्हे, पण सांभाळता येणारं. पडदेवालीने ते मनावर घेतलं. कापड कापताना जाड हातमोजा, पर्समध्ये रक्त थांबवायच्या गोळ्या आणि आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड. काही गोळ्यांनी रक्त आणखी वाहतं, म्हणून डोकं ठणकलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नाही. मशीन मात्र बंद पडू दिलं नाही.

घोर होता तो लेकीचा. दर महिन्याला पोरगी पांढरीफटक होऊन अंथरूण धरायची. आता तिचे टॉन्सिल काढायचे ठरले होते. “आधी रक्त तपासायचं,” पडदेवाली म्हणाली, आणि तिच्या आईचा पारा चढला.

“काही नको! माझंही असंच रक्त जायचं, माझ्या आईचंही. आपल्या घरातल्या बायकांचं अंगच तसं.”

“सगळ्यांना झाला म्हणून आजार आजार राहत नाही होय गं आई?”

“उद्या स्थळं येतील. काय सांगशील, रक्तात खोट आहे?”

“तेच सांगेन. ऐकून पळणारा जावई मला फुकट दिला तरी नको.”

पोरगी फिसकन हसली.

“देवाने दिलंय ते सोसावं, बये.”

“देवाने अक्कलही दिलीय. ती काय कपाटात ठेवू?”

आई तोंड फुगवूनच सोबत आली. रक्त घेताना नर्सने विचारलं, “आजी, घरात बाळंतपणात कोणाला फार रक्त गेलं होतं?”

“माझी थोरली बहीण. गेलीच ती त्यात. थांबलंच नाही.”

“डॉक्टरांना दाखवलं नव्हतं?”

“दाखवायचं काय, आमच्याकडे बायकांना...” म्हणता म्हणता तिने नातीकडे पाहिलं. ती खाली बसली. पडदेवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

लेकीलाही तेच निघालं. डॉक्टरांनी आधी औषध देऊन मगच टॉन्सिल काढले. देवाच्या कृपेने सगळं नीट पार पडलं. पोरगी अजून गुंगीत होती, तोवर पडदेवालीच्या आईने बाहेर बाकावर बसून आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

“दोन्ही पोरींना घेऊन ये. हो, रक्त तपासायला. नवऱ्याला काय विचारायचंय त्यात? मी सांगते म्हणून ये.”